साडेअकरा दिवसांची आठवण: सांगलीतल्या एका हळद पेढीचा सात वर्षांचा पहाऱ्याचा हिशेब

२०१८ च्या दसऱ्याला पेढीच्या खतावणीत 'सीसीटीव्ही व अलार्म' असं नवं खातं उघडलं आणि त्यात १,३८,००० रुपयांची नोंद पडली. पुढे दरवर्षीचा घसारा सोडला तर त्या खात्याला कोणी हात लावला नाही. आयकराच्या पंधरा टक्क्यांच्या दराने घसारा जाऊन मार्च २०२५ अखेर पुस्तकात त्या यंत्रणेची किंमत सुमारे ४८,१०० रुपये उरली आहे. प्रत्यक्षात सोळातले सात कॅमेरे बंद, हूटर मुका, आणि उरलेल्याला भंगारवाला काय देईल ते विचारायचं धाडस कोणी केलेलं नाही.

मी या पेढीचे हिशेब लिहितो. मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. पेढी आणि तिच्यामागची जुनी वखार गणपती पेठेत, मोठं गोदाम कुपवाडला. माल म्हणजे हळद, थोडा गूळ. २०२५ च्या दसऱ्याला अण्णांच्या धाकट्या मुलाने नव्या यंत्रणेचं तीन लाख दहा हजारांचं कोटेशन गादीवर आणून ठेवलं. अण्णांनी ते वाचलंच नाही. मला म्हणाले, "जुन्यावर आजवर किती गेले तेवढं काढा, मग बघू."

पैसे कुठे कुठे सापडले हाच या प्रकरणाचा पहिला धडा म्हणायचा. बॅटऱ्या 'किरकोळ दुरुस्ती'त, इंटरनेट 'टेलिफोन'मध्ये, वीज गोदामाच्या बिलात, पुरानंतरची खरेदी 'पूर खर्चा'त. एक हार्डडिस्क तर 'स्टेशनरी'त निघाली, आणि ती नोंद माझ्याच हातची होती. सात वर्षांत हा सगळा खर्च एका कागदावर कधीच आला नव्हता, म्हणून तो कोणाला दिसलाही नव्हता.

घेतलं तेव्हा

कुपवाडच्या गोदामावर तेव्हा रात्रीच्या पहाऱ्याला एक तात्या होते. पगार नऊ हजार, म्हणजे वर्षाला एक लाख आठ हजार. कॅमेरेवाल्याने हिशेब मांडला तो एवढाच: तात्यांचा पगार वाचतो, सव्वा वर्षात पैसे वसूल, नंतर सगळं फुकट. प्रत्येक जागी आठ कॅमेरे, एक डीव्हीआर म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारी पेटी, त्यात दोन टीबीची डिस्क, शटरला चुंबकी सेन्सर, आणि शटर हललं की मालकाला फोन लावणारी सिमवाली पेटी. "महिन्याभराचं रेकॉर्डिंग राहतं," असंही तो म्हणाला होता. कोटेशनवर मात्र ते कुठेही लिहिलेलं नाही. मी पुन्हा पुन्हा पाहिलं.

तात्यांना दिवाळीचा बोनस देऊन निरोप दिला.

'नंतर सगळं फुकट'चं काय झालं

पहिलं वर्ष हमीचं होतं. त्यानंतर तीन वर्षं देखभालीचा करार, वर्षाला चौदा हजार अधिक अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १६,५२० रुपये. करार फक्त मजुरीचा होता. माणूस येणार, पाहणार, आणि जो भाग गेला असेल त्याचं बिल वेगळं. तीन वर्षांचे ४९,५६० रुपये गेले. २०२२ मध्ये 'येतो आणि जातो, त्याचेच पैसे' म्हणून करार बंद केला.

विजेचा आकडा पाहून अण्णा खरोखर दचकले. एक कॅमेरा चारेक वॅट खातो, म्हणजे काहीच नाही. पण आठ कॅमेरे, डीव्हीआर, त्यातली अहोरात्र फिरणारी डिस्क आणि पॉवर सप्लायमध्ये उष्णतेत जाणारी वीज मिळून एका जागी साठ वॅट धरावे लागतात. दोन्हीकडचे १२० वॅट चोवीस तास म्हणजे वर्षाला साधारण १,०५० युनिट. आमचं मीटर व्यापारी, सगळे आकार धरून युनिटला सरासरी चौदा रुपये. वर्षाचे १४,७०० आणि सात वर्षांचे १,०२,९००. तात्यांचा जवळजवळ एक वर्षाचा पगार नुसत्या विजेत गेला.

कुपवाडचं इंटरनेट कॅमेऱ्यांसाठीच घेतलेलं, त्याचे सात वर्षांचे ५९,३६०. यूपीएसच्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत उतरतात. त्या तीनदा बदलल्या, १३,८०० रुपये. तीन डिस्का झाल्या १६,५०० च्या. त्यातल्या पहिल्या दोन साध्या संगणकाच्या बसवल्या होत्या. त्या दिवसाचे आठ तास चालायच्या कामाच्या. इथे चोवीस तास लिहित राहायचं, म्हणून लवकर बसल्या. सिमचं रिचार्ज तीन वर्षांचं ५,४०० रुपये. त्यानंतर ते कोणी भरलं नाही आणि फोन लावणारी पेटी आपोआप निवृत्त झाली. तशीही ती बदनाम झालीच होती. कुपवाडच्या रस्त्यावरून लोखंड भरलेला ट्रक गेला की शटर थरथरायचं आणि रात्री दोनला अण्णांचा फोन वाजायचा. पाचव्या-सहाव्या वेळी त्यांनी तो नंबर गप्प करून टाकला.

पाणी आणि वीज

ऑगस्ट २०१९ चं सांगलीकराला वेगळं सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि तेव्हा पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गणपती पेठेत होड्या फिरल्या. पेढीवरची माणसं आधी वह्या, मग बारदान, मग हळद अशा क्रमाने माळ्यावर चढवत राहिली. डीव्हीआर गादीमागच्या खालच्या फळीवर होता. वर न्यायचा तर आठ तारा सोडाव्या लागणार, आणि त्या कुठल्या कुठे लागतात हे कोणालाच ठाऊक नाही. तो तिथेच राहिला.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. पेढीच्या भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ आहे. अण्णांच्या वडिलांनी ती ऑइलपेंटने मारून घेतली होती. डीव्हीआरची फळी त्या रेघेच्या अडीच फूट खाली. बसवणारा बाहेरगावचा होता, त्याला माफ करता येईल. आम्ही बाकीचे तर रोज त्या रेघेखाली बसून चहा पितो.

डीव्हीआर, डिस्क, पॉवर सप्लाय, खालच्या उंचीवरचे दोन कॅमेरे आणि तारांचे सांधे मिळून ३४,५०० गेले. मालाचा विमा होता, पण विम्याच्या यादीत ही यंत्रणा चढवायची राहून गेली होती, म्हणून त्याचा रुपयाही आला नाही.

मे २०२२ मध्ये कुपवाडला वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि डीव्हीआरसह तीन कॅमेरे गेले. छपरावरच्या कॅमेऱ्यापासून आत येणारी तांब्याची लांब तार विजेला आयतीच वाट देते. अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक झटका अडवणारं साधन) कोटेशनमधून 'दर बसत नाही' म्हणून काढले होते. तिथे २१,००० गेले.

हे सगळं जोडलं तर घेतल्यानंतरचा खर्च ३,०३,०२० आणि मूळ खरेदी धरून ४,४१,०२० रुपये. महिन्याला सव्वापाच हजार पडले. खरेदीच्या प्रत्येक रुपयामागे पुढे आणखी दोन रुपये वीस पैसे गेले.

चौदा पोती आणि बावीस पोती

जुलै २०२१ च्या झडीत कुपवाडच्या छपराचा एक पत्रा उचकटला. पाणी तीन रात्री एका थप्पीवर ठिबकत होतं. कॅमेरा नंबर पाच बरोबर त्या थप्पीवर रोखलेला. नंतर रेकॉर्डिंग पाहिलं तर थेंब पडताना दिसतात, पहिल्या पोत्यावर डाग कसा पसरत जातो तेही दिसतं. कॅमेऱ्याने सगळं टिपलं होतं, फक्त कोणाला सांगितलं नव्हतं. चौदा पोती काळवंडली, आठ क्विंटल चाळीस किलो माल पडेल भावात काढावा लागला आणि ३७,८०० चा फटका बसला. तात्या असते तर शिडी लावून ताडपत्री टाकली असती. त्यासाठी वेगळा पगार नव्हता.

यावर कोणी म्हणेल, मोबाइलवर सूचना येते ना? येते की. हळदीच्या गोदामात ती कशी येते ते पाहायला हवं. पोती उतरताना पिवळी भुकटी उडते आणि घुमटाच्या आकाराच्या कॅमेऱ्याच्या काचेवर बसते. दिवसा चित्र जरा पिवळसर दिसतं, एवढंच. रात्री कॅमेरा आपले अवरक्त दिवे लावतो, तो उजेड त्या भुकटीवरून उलटा भिंगात शिरतो आणि पडद्यावर नुसतं दूध सांडल्यासारखं दिसतं. बाहेरच्या कॅमेऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या उजेडाला किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो आणि भिंगासमोर जाळं विणतो. जाळं वाऱ्याने हललं की 'हालचाल आढळली'. धाकट्या मालकांच्या फोनवर एका रात्रीत अशा शंभरावर सूचना आलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांनीही वडिलांसारखंच केलं आणि फोन गप्प केला.

मग आला मार्च २०२३. वर्षअखेरीच्या मोजणीत कुपवाडला बावीस पोती कमी भरली. हळद सुकते, वजनात तूट येते, हे पेढीवर सगळे जाणतात. पण सुकून पोतीच कमी होत नाहीत. आधीची मोजणी दिवाळीची, म्हणजे पोती त्या पाच महिन्यांत कधीतरी गेली. रेकॉर्डिंग उघडलं तर ते वीस मार्चपासून पुढचं. त्याआधीचं पुसलं गेलेलं.

कारण साधं गणित आहे. एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट लिहितो असं धरलं तर दिवसाला २१.६ जीबी होतात, आठ कॅमेऱ्यांचे १७२.८. दोन टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि जुन्यावर नवं लिहायला लागते. आमच्या यंत्रणेची आठवण साडेअकरा दिवसांची आणि आमची मोजणी पाच महिन्यांनी. माल गेल्याचं कळायच्या कितीतरी आधी पुरावा आपोआप नाहीसा व्हावा अशी व्यवस्था आम्ही पैसे मोजून बसवली होती. रेकॉर्डिंग किती दिवसांचं हवं याचं उत्तर कॅमेरेवाल्याकडे नसतं. आपण माल कधी मोजतो यावर ते ठरतं, आणि हे मला पंचवीस वर्षं हिशेब लिहूनही तोवर सुचलं नव्हतं.

उरलेल्या अकरा दिवसांतही एक गंमत निघाली. शेवटच्या आठवड्यातल्या एका टेंपोवर संशय होता, पण पावतीवरची वेळ आणि चित्रावरची वेळ जुळेना. वीज पडल्यावर बदललेल्या डीव्हीआरचं घड्याळ कारखान्यातल्या वेळेवरच राहिलं होतं. तो भाग चीनमधून येतो आणि तिथली वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. दहा महिने कोणाच्या लक्षात आलं नाही. पोलिसांनी चित्रफितीसोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब चं प्रमाणपत्र मागितलं, तेव्हा यंत्र कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न आला आणि आम्ही एकमेकांकडे पाहायला लागलो. (१ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे, आणि आता फाइलची हॅश किंमतही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा, द्यावी लागते.) डीव्हीआरचा पासवर्ड बसवणाऱ्याकडे, आणि तो गाव सोडून गेलेला. शेवटी १२३४५६ टाकून पाहिलं तर उघडलं. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने असल्याच न बदललेल्या पासवर्डांमुळे लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते. आमचा त्यात होता की नाही, देव जाणे.

विम्याचा दावाही फेटाळला गेला. घरफोडीच्या पॉलिसीत जबरदस्तीने आत शिरल्याची खूण लागते. कुलूप, कडी, पत्रा काहीतरी तुटलेलं हवं. आमचं कुलूप शाबूत होतं. आतल्या माणसाने किल्लीने उघडून नेलं असेल तर त्यासाठी विश्वासार्हतेची वेगळी पॉलिसी असते, ती आम्ही कधी घेतलीच नव्हती. बावीस पोती म्हणजे १३.२ क्विंटल. हळद तेव्हा साडेसहा हजारांच्या घरात होती, म्हणून ८५,८०० वर भागलं. चोरी होती की कोणाच्या गाडीत चुकून जास्त भरली गेली, हे आजही सांगता येत नाही. पण त्या काळात गोदामावर असलेल्या प्रत्येक हमालाकडे लोक काही महिने वेगळ्या नजरेने पाहत होते. तो खर्च कुठल्या खात्यात टाकायचा मला कळलेलं नाही.

जून २०२३ पासून कुपवाडला पुन्हा रात्रीचा माणूस ठेवला. साडेअकरा हजार पगारावर.

कागदावरचा निवाडा

तात्या गेल्यापासून नवा माणूस येईपर्यंत ५६ महिने. जुन्या पगाराने वाचले ५,०४,०००. त्याच काळात यंत्रणेवर गेले सुमारे ३,७६,८००, आणि भिजलेली व हरवलेली पोती मिळून १,२३,६००. बेरीज ५,००,४००. म्हणजे पावणेपाच वर्षांच्या उलाढालीत साडेतीन हजार रुपये 'वाचले'.

हा आकडा मी अण्णांपुढे ठेवला, पण तो जसाच्या तसा घेऊ नका असंही सांगितलं. तात्यांना पगारवाढ मिळालीच असती, ती मी धरलेली नाही. निम्मी यंत्रणा पेढीवर होती, तिथे तात्या नव्हतेच. आणि बावीस पोती तात्यांच्या डोळ्यांदेखत गेलीच नसती असं छातीठोकपणे कोण सांगणार? छपराचं मात्र मी खात्रीने म्हणतो. माणसाचं काम आणि कॅमेऱ्याचं काम एकच धरून आम्ही एकाच्या जागी दुसरं बसवलं, आणि घोळ तिथेच झाला. कॅमेरा झाल्यावर दाखवतो. होत असताना उठून शिडी लावणारं कोणीतरी लागतंच.

अण्णा ऐकून घेतात आणि भलतीकडेच जातात. म्हणाले, "आमचे वडील हरिपूरला पेवात हळद ठेवायचे. जमिनीत खड्डा, तोंड बंद, वर माती. ना वीज ना रिचार्ज. पेव उघडल्यावर काही तास तसंच सोडायचं, लगेच उतरला तर माणूस गुदमरतो. चोर उतरला तर सकाळी तिथेच सापडायचा." धाकटे मालक हसले आणि म्हणाले, "आणि २००५ ला त्याच पेवात पाणी शिरलं, ते सांगा की." अण्णा गप्प झाले. हरिपुरातली कितीतरी पेवं त्या पुरात गेली, त्यात यांचीही होती.

नव्या कोटेशनचं काय केलं

तीन लाख दहा हजारांत नेटवर्कवर चालणारे सोळा आयपी कॅमेरे, माणूस आणि मांजर वेगळं ओळखणारी प्रणाली, आणि रेकॉर्डिंग क्लाउडवर. खाली बारीक अक्षरात होतं: पहिलं वर्ष मोफत, नंतर कॅमेऱ्यामागे महिना २५० रुपये. मोफत वर्ष सोडलं तरी सोळा कॅमेऱ्यांचे पाच वर्षांत १,९२,०००, आणि भरणं थांबवलं की जुनं रेकॉर्डिंगही बंद. विकत घेतलेल्या वस्तूचं भाडं भरायचं असला हा प्रकार. मोठ्या कारखान्याला परवडत असेल, नाही म्हणत नाही. शेजारच्या कोपऱ्यात दुसरा स्वस्त पर्याय होता, 'शिल्लक स्टॉक'. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्र सरकारच्या सुरक्षा निकषांची चाचणी आणि प्रमाणपत्र सक्तीचं झालं आहे. त्या मॉडेलचं प्रमाणपत्र मागितलं, तर विक्रेता 'पाठवतो' म्हणाला आणि नंतर त्याचा फोन लागला नाही.

शेवटी आम्ही नवं काही घेतलं नाही. चालू असलेले नऊ कॅमेरेच ठेवले: पेढीवर तीन, कुपवाडला सहा. थप्प्यांवर रोखलेले काढून दारांवर आणले. पोतं थप्पीवरून उडत नाही, ते दारातूनच जातं. कुपवाडला सहा टीबीची, खास कॅमेऱ्यांसाठी बनवलेली डिस्क बसवली. सहा कॅमेऱ्यांचे दिवसाला १२९.६ जीबी, म्हणजे ४६ दिवस. मोजणी आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, म्हणजे हरवल्याचं कळून शोधायला साधारण दोन आठवडे हातात राहतात. पेढीचा डीव्हीआर माळ्यावर गेला, तारांना नंबरच्या पट्ट्या लागल्या. सर्ज प्रोटेक्टर, अर्थिंग, बॅटऱ्या, डिस्का धरून ४९,६०० झाले. गोदामाला दुसरं कुलूप आलं, किल्ल्या दोघांकडे वेगवेगळ्या. या सगळ्यात सर्वांत स्वस्त तेच. खतावणीत आता 'पहारा' असं एक खातं आहे, त्यात महिन्याला तीन हजार बाजूला पडतात आणि वीज-इंटरनेटपासून डिस्कपर्यंत सगळं तिथूनच जातं. स्टेशनरीत काही टाकलं तर अण्णा मला विचारणार आहेत.

रात्रीचे मामा आहेत ते राहिले. रविवारी मोजणीआधी ते स्टुलावर चढून सुक्या फडक्याने काचा पुसतात, मग मी खालून फोनवर पाहून "दिसतंय" म्हणतो आणि माझ्या घड्याळाशी वेळ जुळवतो.

दुसऱ्याच मोजणीत तीन पोती जास्त निघाली. कमी निघाल्यावर जेवढा गोंधळ झाला नव्हता तेवढा तेव्हा झाला. एकोणीस दिवसांपूर्वीचं दुपारचं चित्र सापडलं: शेजारच्या गोदामाचा टेंपो, नवा चालक, आमच्या दारात थांबतो, तीन पोती उतरवतो, कोणीतरी हात करून बोलावतं तसा निघून जातो. पोत्यांवर शेजाऱ्यांची खूण होती, आमच्याच थप्पीत मागे गेलेली. त्यांना फोन केला तर म्हणाले, आमच्याकडे काही कमी नाही. त्यांची मोजणी मार्चमध्ये असते.